बोलकी थाळी आणि बिस्किटाचा डबा

दुपारी तीनच्या ठोक्याला नादबाबांचा चेला भिंतीवरची चारही बटणं बंद करायचा. पंखे गरगरत थांबायचे आणि दोनशे माणसं श्वास रोखून बसायची. जागा म्हणजे एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. काचेवर 'भव्य सेल'ची अक्षरं अजून अर्धवट चिकटलेली होती. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. समोर छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा होता, आणि पडद्याला टेकून लाकडी कड्यात बसवलेली परातीएवढी पिवळीधमक थाळी.

थाळीच्या मधोमध रुपयाएवढा लाल ठिपका. थाळीला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही आणि पंखे लावायचे नाहीत, कारण मेलेल्या माणसांना वारा सोसत नाही, असं नादबाबांचं म्हणणं होतं. जिवंत माणसांना उकाडा सोसतो का, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"ब्रह्मांड म्हणजे एक पोकळ भांडं," नादबाबा डोळे मिटून सांगत. "जिवंत माणूस आठवण काढतो, गेलेला माणूस कंपन काढतो. दोघांची फ्रिक्वेन्सी जुळली की थाळी बोलते." मग ते कानाला हात लावून म्हणत, "आले."

आणि थाळी खरंच बोलायची. लांबून, विहिरीतून यावा तसा बारीक, पत्र्याळ आवाज यायचा. कुणाची आई बोलायची, कुणाचा मुलगा. कधी घरातल्यांनाच ठाऊक असलेल्या लाडाच्या नावानं हाक यायची आणि अख्खी रांग ढसाढसा रडू लागायची.

तिसऱ्या रांगेत पत्रेकाका बसले होते. आयुष्यभर त्यांनी पत्रा कापला, वाकवला, कथलाचा डाख देऊन झाळला. बादल्या, डबे, नरसाळी, पन्हळी. आता दुकान बंद होतं, पण हात बंद व्हायला तयार नव्हते. बसल्या जागी ते खुर्चीची कड चाचपायचे, कुठे तडा गेलाय ते बघायचे. शेजारी धाकटी बहीण बसली होती आणि तिचा हात त्यांच्या मनगटावर घट्ट होता.

थाळीतून आधी तार छेडल्याचा आवाज आला. एकच सूर, लांबलेला. धाकटीची बोटं काकांच्या मनगटात रुतली. तिचा नवरा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. दीड वर्षापूर्वी तो गेला, तेव्हापासून ती काका-काकूंकडेच राहत होती.

"ऐकतेस ना?" थाळी म्हणाली. "तुझ्या गोळ्यांच्या धुरानं मला वाट दिसत नाही. एकवीस दिवस गोळ्या सोड. नादानं मेंदूतली गाठ सुटेल."

धाकटीनं मान डोलावली. काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

धाकटीला मिरगीचे झटके यायचे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर सहा वर्षं एकही झटका नव्हता. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. आठ तास तापलेली इस्त्री हातात. तिथे झटका आला तर काय होईल, हे काकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी तोंड सोडलं. मग विनवलं. शेवटी तिनं गोळ्यांच्या पट्ट्या एका डब्यात घातल्या, डबा कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुला पत्र्यातलं कळतं. माणसातलं कळतं असं नाही."

काका त्या दिवसापासून एका जागी ठरेनात. खिडकीशी जायचे, परत यायचे. धाकटी न्हाणीघरात गेली की दाराबाहेर घुटमळायचे. ती कामावर गेली की घड्याळाकडे बघत बसायचे, आणि कुठे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की उठून चपला घालायचे. पाचव्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही गोळी अशी अचानक सोडणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढणं. आधी होते त्याहून वाईट झटके येऊ शकतात.

"मग काय करू?"

"धाक घालून भागणार नाही, काका. त्यांना ते खरं का वाटतं, ते आधी शोधा."

आठव्या दिवशी सकाळी खाता खाता धाकटीचा चमचा हवेतच राहिला. डोळे भिंतीवर थिजले. काकूंनी दोनदा हाक मारली. अर्ध्या मिनिटानं तिनं चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "काय म्हणालात, वहिनी?" आपण कुठे गेलो होतो, याचा तिला पत्ताच नव्हता.

ती कामावर गेल्यावर काका म्हणाले, "गोळी कुटून चहात घालू. कळणारही नाही."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आणि ती बरी राहिली की श्रेय कोणाला? त्या थाळीला. शिवाय फसवूनच बरं करायचं असेल, तर त्या बाबात नि आपल्यात फरक काय हो?"

काका पुन्हा खिडकीशी गेले.

त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी फिरत होत्या. पहिली म्हणजे, चेला थाळी पुसत असताना त्याच्या हातातली अंगठी थाळीवर आपटली होती. पितळेवर टिचकी मारली तर ते दहा मोजेपर्यंत बोलत राहतं. ही थाळी 'टक्' करून गप्प झाली होती. म्हणजे बाबा सांगत तशी ती पंचधातूची नव्हती, की साध्या पितळेचीही नव्हती. तो वरून सोनेरी रंग दिलेला पातळ पत्रा होता. दुसरी म्हणजे तो तारेचा सूर. चाळीस वर्षांत पत्र्याचे नाना आवाज त्यांनी ऐकले होते, पण पत्रा आपणहून तारेसारखा वाजलेला कधी ऐकला नव्हता. तारेचा आवाज आला तर कुठेतरी तार असणार. पण तारेनं पत्रा बोलतो कसा?

हाताला चैन नव्हतीच. त्यांनी घर धुंडाळायला सुरुवात केली. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा रिकामा केला. झाडूचा दांडा काढला, आणि झाडू दांड्याविना कोपऱ्यात बसला. सायकलच्या जुन्या ब्रेकची केबल उसवून तिच्या बारीक तारा वेगळ्या केल्या. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याचे दोन भाग केले. रॉकेलचं जुनं नरसाळं घेतलं, त्याची नळी कापून टाकली आणि भोकावर पत्र्याची चकती बसवली.

"घरातली एकही वस्तू धड ठेवणार आहात का?" काकूंनी विचारलं.

"गिटार करतोय."

"या वयात?"

"धाकटीचे यजमान एकदा सांगत होते, एका जातीच्या गिटारीत लाकडाऐवजी पत्र्याचा शंकू आवाज करतो. मला बघायचंय तो पत्रा काय करतो ते."

डब्याच्या झाकणाला त्यांनी गोल भोक पाडलं. त्यावर नरसाळं उपडं ठेवलं, टोक वर. दांडा डब्यातून आरपार घातला, त्याच्या एका टोकाला तारा खिळल्या, दुसऱ्या टोकाला पिळायला स्क्रू लावले. तारा नरसाळ्याच्या टोकावरून ओढून घेतल्या आणि टोक नि तारा यांच्यामध्ये चिमट्याचा अर्धा तुकडा उभा केला. आणि सरतेशेवटी, सवयीनं, नरसाळ्याची कड झाकणाला चहूबाजूंनी झाळून टाकली. असं पक्कं झाळलं की थेंबभर पाणी गळलं नसतं.

तार छेडली. डास रडावा तसा आवाज आला.

काकांनी तारा ताणल्या, सैल केल्या, चिमटा सरकवला, डबा मांडीवर घेतला, टेबलावर ठेवला. डास रडतच राहिला. दोन दिवस हेच चाललं. तिकडे धाकटीचा तेरावा दिवस उजाडला होता आणि आणखी एकदा बोलता बोलता तिचं वाक्य मध्येच तुटलं होतं.

काकू चुलीपाशी उभ्या होत्या. पातेल्यावरचं झाकण वाफेनं खडखडत होतं. त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही ते जाम करून टाकलंत, अहो. हे झाकण दाबून धरलं तर वाजेल का?" आणि त्यांनी सांडशीनं झाकण दाबून दाखवलं. खडखड थांबली.

काकांनी कपाळाला हात लावला. आयुष्यभर पाणी अडवायचं काम केलं, आणि त्याच हातानं त्यांनी आवाजही अडवला होता. त्यांनी कडेचा सगळा डाख वितळवून काढला. नरसाळं आता झाकणावर नुसतं टेकलेलं होतं, तारांच्या दाबानं जागेवर बसलेलं. कड मोकळी, टोकावर तारेचा भार.

तार छेडली आणि खोली भरून गेली. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन विचारू लागली, नवीन वाद्य आणलं का म्हणून. काकांनी पुन्हा छेडली आणि सूर लांबत असताना नरसाळ्याच्या टोकावर बोट ठेवलं. सूर मेला. बोट काढलं, छेडली, सूर आला. बोट ठेवलं, मेला.

नादबाबांकडेही थाळी कड्यात नुसती टेकलेली होती. एक खिळा नव्हता. आणि मधोमध तो लाल ठिपका. थाळीला हात का लावायचा नाही, ते आता काकांना कळलं; पंखे का बंद ठेवायचे तेही, कारण त्यांच्या घरघरीत एवढा बारीक आवाज बुडाला असता.

मग त्यांनी एक लांब तार घेतली. एक टोक दुसऱ्या नरसाळ्याच्या मधोमध अडकवलं, ते नरसाळं खुर्चीच्या पाठीला टेकवलं, तार ताणून खिडकीतून न्हाणीघरात नेली आणि तिच्या टोकाला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा बांधला. डबा काकूंच्या हातात देऊन त्यांना तोंडाशी धरून हळू बोलायला सांगितलं आणि स्वतः खोलीत येऊन बसले.

नरसाळं विहिरीतल्या आवाजात म्हणालं, "अहो, दूध उतू गेलं बघा."

दूध खरंच उतू गेलं होतं.

संध्याकाळी धाकटीला त्यांनी सगळं करून दाखवलं. तिनं शांतपणे पाहिलं, ऐकलं, आणि म्हणाली, "तुझं नरसाळं बोललं म्हणून त्यांचा आवाज खोटा? तुला एक गोष्ट करता आली, म्हणजे तिथे तीच होते असं कुठाय?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. इथली तार दाखवून तिथली तार सिद्ध होत नव्हती. तिथलीच दाखवायला हवी होती.

सोळाव्या दिवशी तिघं नादबाबांच्या हॉलवर गेले. दारात दुसरा एक चेला चिठ्ठ्या भरून घेत होता. गेलेल्या माणसाचं नातं, त्याचा धंदा, तो तुम्हाला काय हाक मारायचा, तुमची अडचण काय. देवाला सगळं ठाऊक असतं, पण बाबांना चिठ्ठी लागायची. धाकटी आत गेल्यावर काकांनी पेन घेतलं आणि काकूंकडे पाहिलं.

"मारा मला एकदाचं," काकू म्हणाल्या.

काकांनी लिहिलं: बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. मला उंदीरमामा म्हणायची.

पंखे थांबले. नादबाबांनी भांड्याचं आणि कंपनाचं आख्यान लावलं. दोन-तीन जणांची माणसं येऊन बोलून गेली. पहिल्या रांगेतली एक बाई, बँकेतली कारकून, दर आठवड्याला आपल्या आईशी बोलायला यायची. आजही आईनं तिला जेवत जा म्हणून सांगितलं आणि ती पदरात तोंड लपवून रडली. मग थाळीतून बारीक, बायकी आवाज आला. "उंदीरमामा... मी इथे सुखात आहे. तुम्ही काळजी करू नका."

काकू खुर्चीवरून उठल्या. "सुखात? दोन तास या खुर्चीवर बसून माझी पाठ मोडलीय."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मग कुजबूज सुरू झाली. काकांनी उभं राहून सांगितलं की ही माझी बायको, लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, अजून आहे. नादबाबांनी डोळे उघडले, पण त्यांची जीभ अडखळली नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"काळ हा गोल आहे. थाळीनं भविष्यातला नाद पकडला. ही सूचना आहे, बाई. जपून राहा."

"म्हणजे मी मेल्यावर यांना उंदीरमामा म्हणणार? जिवंतपणी तर कधी म्हटलं नाही."

आता बरेच जण हसले, पण सगळे नाही. काका तोवर रांगांमधून पुढे गेले होते. चेला आडवा यायच्या आत त्यांनी थाळीसमोर उभं राहून म्हटलं, "बोल की बाई. भविष्यातलं अजून काय ते सांग."

पडद्यामागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नसावं. थाळी बोलू लागली. "उंदीरमामा, या जगात—" काकांनी लाल ठिपक्यावर बोट दाबलं. शब्द तुटला. बोट उचललं. "—प्रकाश आहे आणि—" दाबलं. गप्प. उचललं. "—शांती."

"आत्मा असेल तर माझ्या बोटाला का घाबरतो?" काका म्हणाले. त्यांनी नखानं लाल रंग खरवडला. खाली तारेची गाठ होती. तार थाळीतल्या भोकातून मागे, पडद्यात शिरत होती.

चेल्यानं त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. पण त्याच्या आधी पहिल्या रांगेतली ती बँकेतली बाई धावून आली आणि तिनं काकांचा हात झटकून टाकला. तिनं विचारलं की तुमचं काय घेतलं होतं आम्ही, माझी आई मला जेवत जा म्हणते, त्यात तुमचं काय बिघडलं.

रागावलेला बाबा काकांनी हिशेबात धरला होता, पण हे चेहरे धरले नव्हते. मागून आवाज चढू लागले. कुणी नास्तिक म्हणालं, कुणी बाहेर काढा म्हणालं. काकांनी धाकटीला शोधलं. तिची खुर्ची रिकामी होती. रागावून निघून गेली, असं त्यांना वाटलं. आता ती गोळी कधीच घेणार नाही.

तेवढ्यात तारेचा एक सूर आला. लांबलेला. सगळे थबकले.

"मी बोलतेय," थाळी म्हणाली.

आवाज विहिरीतला, पत्र्याळ, पण काकांनी तो जन्मापासून ऐकला होता.

"मी तिसऱ्या रांगेतली, धोबीखान्यात काम करणारी. जिवंत आहे. दादानं तार दाखवली, म्हणून तिच्या मागोमाग इथे आत आले. इथे एक खुर्ची आहे, तारेला बांधलेला दुधाच्या पावडरीचा डबा आहे आणि तुम्ही दारात लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. एक माणूस होता, तो मागच्या दारानं पळाला."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. पडद्यामागे श्वास घेतल्याचाही आवाज थाळीतून आला.

"माझे यजमान होते तोवर रोज सकाळी माझ्या हातावर गोळी ठेवायचे. मी गिळली का ते बघूनच कामाला जायचे. ते मरून येऊन मला गोळी सोड म्हणतील, हे मी मानलं. कारण मला त्यांचा आवाज हवा होता. बाकी कारण काही नव्हतं." मग तिनं हाक दिली. "बँकेतल्या ताई, इकडे या. बघून घ्या. मी सांगते म्हणून मानू नका."

बँकेतल्या बाईनं पडद्याची कड धरली आणि ती आत गेली. तिच्यामागे एक म्हातारा, मग आणखी दोघी. नादबाबा आपली शाल गोळा करत होते. काळ गोल असला तरी त्यांना सरळ दाराकडे जायची घाई झाली होती.

कुणीतरी उठून पंखे लावले.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. काका माफी मागायला लागले, तशी ती म्हणाली की वाईट वाटतंच आहे, उगाच नाही म्हणणार नाही, पण दवाखाना साडेपाचला उघडतो आणि बाकावर नंबर लावावा लागतो. तिघं चालत गेले. काका दर दहा पावलांनी तिच्याकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते लिहून दिलं आणि आठवडाभर इस्त्रीला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. तिथल्याच नळाच्या पाण्याबरोबर धाकटीनं पहिली गोळी गिळली. काकूंनी तिचं तोंड उघडून बघितलं, आणि त्यावर ती दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

गेलेल्या माणसाची आठवण येते, रडू येतं, त्याचा आवाज एकदा तरी ऐकावासा वाटतो. यात खोटं काही नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. पण त्या आवाजात कुणी तुमचं औषध सोडायला सांगू लागला, हात लावू नका म्हणू लागला, पंखे बंद करू लागला, तर खुर्चीवर बसून राहू नका. मोठं शिक्षण लागत नाही. ताणलेली तार पातळ पत्र्याला हलवते, पत्रा हवेला हलवतो आणि हवा कानाला. एवढंच ते नवल. घरच्या नरसाळ्यावर करून बघता येतं. करून बघा, आणि मग उठून पडद्यामागे जा.